कानांवाचून बालसंगोपन

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत आम्ही दोघी बहिणींनी खुणांच्या भाषेत केलेले भाषण. शब्दांकन आमच्या वहिनींचे.)



आम्हां दोघी जन्मबधिर बहिणींस आज आपण ह्या व्यासपीठावर उभे केले, ह्याबद्दल आपले आभार मानणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. ज्यांस ऐकू येत नाही त्यांनी लोकांची लहान मुले सांभाळण्याचे धाडस करावे काय, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांच्या मनात असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचा आम्हांस राग नाही. गेली नऊ वर्षे आम्ही आमच्या राहत्या घरी पाळणाघर चालवीत आहोत, आणि पहिल्या दिवशी मूल सोडावयास आलेल्या प्रत्येक मातेच्या ओठांवर आम्ही तोच प्रश्न वाचलेला आहे.

त्यापूर्वी आम्ही एका मोठ्या पाळणाघरात नोकरी मागावयास गेलो होतो. तेथील बाईंनी एका कागदावर लिहून विचारले, "मूल रडले तर?" उत्तर लिहिण्यासाठी आम्ही पेन्सिल मागितली, तोंवर तो कागद घडी होऊन टेबलाच्या खणात गेला होता. त्या दिवशी जे लिहावयाचे राहिले, तेच आज सांगावयाचे आहे.

मूल रडते ते केवळ गळ्याने रडत नाही. प्रथम त्याची हनुवटी थरथरते, कपाळास आठी पडते, मुठी वळतात. आवाज बहुधा त्यामागून येतो. आम्ही त्या हनुवटीवर नजर ठेवून असतो. आमच्या घरी मुलांची खोली एकच असून तिचे आतले दार आम्ही काढून टाकले आहे. ओट्यासमोरील भिंतीवर आरसा लावला आहे, म्हणजे पोळ्या लाटतानाही मुले दिसत राहतात. एकीस उठावयाचे झाले, तर ती दुसरीच्या खांद्यास हात लावते, दुसरीने मान हलविल्यावाचून जागची हलत नाही. मुले निजली म्हणजे रडण्याबरोबर दिवा लुकलुकविणारे यंत्र आम्ही पाळण्याशी ठेवतो. त्याचीच एक चकती असते, ती उशीखाली थरथरते. तथापि यंत्रावर विसंबून आम्ही दोघी एकाच वेळी कधीही डोळे मिटीत नाही.

आता जे सांगतो, त्याकडे मातांनी विशेष लक्ष द्यावे. बालकांवरील पुष्कळशी भयंकर संकटे मुकी असतात. घशात दाणा पुरता अडकला, म्हणजे मुलास ओरडता येत नाही, कारण ओरडावयास लागणारी हवाच बंद झालेली असते. पाण्याच्या बादलीत डोके गेलेले मूल हाक मारीत नाही. मे महिन्यात आपल्या नागपुरास पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा उष्म्याने ग्रासलेले मूल कित्येकदा गप्प पडून राहते, आणि घरचे लोक म्हणतात, आज किती शहाण्यासारखे निजले आहे! (त्या दिवसांत कूलरच्या घरघरीत शेजारच्या खोलीतले रडेही ऐकू येत नाही, असे ऐकणारे लोकच आम्हांस सांगतात. म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने सारे नागपूर थोडेफार आमच्याच पंक्तीस बसते.)

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे दोन वर्षांच्या एका मुलाच्या घशात फुटाणा अडकला. त्याची सख्खी आत्या, चांगले कान असलेली, त्याच खोलीत आमच्याकडे व मुलाकडे पाठ करून टेलिफोनवर बोलत होती. तिला काही कळले नाही, कारण कळण्याजोगा आवाजच झाला नाही. आम्हांस त्याचे निळे पडणारे ओठ दिसले. मुलास पालथे घेऊन दोन्ही खांद्यांच्या मधोमध थापा मारल्या, तेव्हा फुटाणा बाहेर पडला, आणि मग ते इतके मोठ्याने रडले म्हणतात, की आत्याबाईंनी टेलिफोन खाली ठेवला. तेव्हापासून फुटाणे व शेंगदाणे आमच्या घरी वर्ज्य आहेत, आणि भरलेली बादली उघडी राहत नाही.

आमचे उणेपण आम्हांस लपवावयाचे नाही. रात्रीच्या वेळी वीज गेली, की आमची यंत्रे व आमची भाषा एकदमच विझते. म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुले घरी गेलीच पाहिजेत, असा नियम आहे, आणि कंदील हाताशी असतो. मुलाच्या छातीवर तळवा ठेवून घरघर समजते, परंतु अगदी बारीक घरघर समजत नाही. दम्याचा विकार असलेली मुले आम्ही वहिनी घरी असल्यावाचून घेत नाही. शिवाय मुलांच्या कानांवर बोलणे पडावयास हवे. त्यासाठी वहिनी रोज दोन तास येऊन गोष्टी सांगतात व गाणी म्हणतात.

आमच्यामुळे मुले मुकी होतील, ही भीती मात्र निराधार आहे. बधिर मातापित्यांची ऐकणारी मुले, सभोवती बोलणारी माणसे असली, तर सामान्यपणे बोलावयास शिकतातच. मॅगिल विद्यापीठातील लॉरा-ॲन पेटिटो व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली असे प्रसिद्ध केले, की खुणा पाहत वाढणारी ऐकणारी तान्ही मुले हातांनीही एका विशिष्ट ठेक्यात बोबडे बोलतात. आमच्याकडील एक मुलगी पाणी हवे असले, म्हणजे अंगठा ओठांकडे नेत असे. तिच्या आजींस वाटले, पोरीस अंगठा चोखण्याची खोड लागली. त्यांनी अंगठ्यास कडुनिंबाचा रस लावला! चार दिवस ती तहानलेली मुलगी कडू तोंडाने आमच्याकडे येत होती. आता आजीबाई स्वतःच तीन-चार खुणा करतात.

आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स हे बधिरांचेही आश्रयदाते मानले जातात, हे येथे बसलेल्या किती जणांस ठाऊक आहे? सुमारे १६०५ साली त्यांस मार्टिन नावाचा एक जन्मबधिर मनुष्य भेटला. संतांनी स्वतः खुणा शिकून त्यास धर्मोपदेश दिला, त्यास ख्रिस्तशरीर स्वीकारता यावे अशी तयारी करून घेतली, आणि पुढे आपल्याच घरी कामास ठेवले. आम्हांस ह्या कथेतील शेवटची गोष्ट अधिक मोलाची वाटते. दया पुष्कळांनी केली असती, परंतु बिशपांनी त्यास काम दिले. आपल्या देशातील बधिरांची पहिली शाळाही मुंबईस १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्याच प्रयत्नाने निघाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८८७ साली, आपला नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत बधिर व कमी ऐकू येणाऱ्यांस शेकडा एक जागा राखून ठेवली आहे. २०१७ पासून पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस पाळणाघराची सोय करणे भाग आहे. तेव्हा पाळणाघरे वाढणार, आणि त्यांत बायका लागणार. आमच्यासारख्या मुलींचे अर्ज तेथे जातील, तेव्हा त्यांस निदान पेन्सिल द्यावी.

पॅरिश हॉलमागील रिकाम्या खोलीत नोकरी करणाऱ्या मातांसाठी पाळणाघर काढावे, अशी सूचना पुढील महिन्यात समितीपुढे येणार आहे, आणि ते काम आम्ही मागितले आहे. समितीच्या सभासदांनी मत देण्यापूर्वी एकदा आमच्या घरी यावे, अगोदर न कळविता यावे. दारावर थाप मारू नये. उजव्या हातास बटन आहे, ते दाबले म्हणजे आत दिवा लागतो. वीज गेलेली असल्यास खिडकीपाशी येऊन हात हलवावा. आम्हां दोघींपैकी एकीचे तोंड त्या बाजूस असतेच.