मुक्या माराची सूज अंगावर काढू नका

गळिताचा हंगाम सुरू झाला की परतूर तालुक्यात, आष्टीच्या आसपासच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रात्रंदिवस ये-जा असते. कुणी ट्रॉलीवर चढताना घसरतो, कुणी मोटारसायकलसकट डांबरावर फरफटत जातो, एखाद्याच्या मांडीवरून चाकच जातं. दवाखान्यात एक्स-रे निघतो. हाड शाबूत, जखमही नाही, वरवर थोडं खरचटलेलं. "मुका मार आहे, उतरेल," असं म्हणत सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि आठ-दहा दिवसांनी खुब्यापाशी, मांडीच्या बाहेरच्या अंगाला सूज वाढू लागते.

आज बोलायचंय ते या सुजेबद्दल. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याखाली स्नायूंवरचं चिवट आवरण. गोधडीचे पदर जसे टाक्यांनी धरलेले असतात, तसे हे थर बारीक रक्तवाहिन्यांनी एकमेकांना धरून असतात. चाकाखाली किंवा रस्त्यावर घासताना कातडी एका दिशेला ओढली जाते, आतलं अंग जागीच राहतं आणि हे टाके तटातट तुटतात. वरून कातडी फाटत नाही, पण आत पोकळी तयार होते. तिच्यात रक्त, लसिका आणि विरघळलेली चरबी साचते. मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यविशारदानं १८५३ साली या दुखापतीचं वर्णन केलं. त्याचा रुग्ण धावत्या आगगाडीतून पडलेला होता. आजही डॉक्टर ही दुखापत त्याच्याच नावानं ओळखतात.

ती ओळखायची कशी? दोन्ही मांड्या उघड्या करून शेजारी शेजारी पाहायच्या. दुखऱ्या बाजूची कातडी हलक्या हातानं सरकवली, तर ती नको तितकी सैल सरकते. एका बाजूला बोट दाबलं की आतलं पाणी दुसऱ्या बाजूला ढकललं जातं. वरची कातडी बधिर असते, कारण बारीक नसाही तुटलेल्या असतात. कधी टायरची नक्षी उमटलेली दिसते. मात्र ही सूज त्याच दिवशी दिसेल असं नाही. काहींना ती काही आठवड्यांनी जाणवते. म्हणूनच पहिल्या तपासणीत ती बऱ्याचदा निसटते.

एक्स-रे हाड दाखवतो, हे पाणी नाही. त्यासाठी सोनोग्राफी करावी. पाणी चरबी आणि स्नायूंच्या मधोमध आहे का, हे तिच्यात कळतं. एमआरआयमध्ये त्याहून स्पष्ट दिसतं, पाण्याभोवती पिशवी धरली आहे का तेही समजतं.

सूज लहान आणि ताजी असेल तर क्रेप बँडेजचा नेमका दाब आणि विश्रांती एवढ्यावर भागू शकतं. मोठी असेल तर नुसतं सुईनं पाणी काढून उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१४ साली आपल्या रुग्णांचा आढावा घेतला. ५० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी निघालेल्या बहुतेकांना ते पुन्हा साचलं होतं. अशा वेळी छोटा छेद घेऊन पोकळी धुतात आणि नळी ठेवतात. जुन्या सुजेत पिशवी तयार झालेली असते. मग डॉक्सिसायक्लिनसारखं औषध आत सोडून थर चिकटवतात, नाहीतर पिशवीच काढून टाकावी लागते. वरची कातडी काळी पडून मेली, तर ती काढून दुसरीकडची कातडी लावावी लागते.

गावात सूज आली की चोळायचं, गरम विटेनं शेकायचं, फार झालं तर कुणाकडून तरी सुई टोचून घ्यायची. यातलं काहीही करू नका. चोळण्यानं थर आणखी सुटतात, आणि बधिर कातडीला चटका बसल्याचं कळतही नाही. सुईचं तर त्याहून वाईट. कातडी न फाटताही या पाण्यात जंतू असू शकतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या पाण्यात ते सापडले होते. त्यात बाहेरच्या सुईची भर कशाला?

पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवा. पट्टी बांधली तर पायाची बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना, ते बघा. उभं राहता येत नसेल, लघवीतून रक्त येत असेल, मांडी दगडासारखी कडक होऊन दुखणं सहन होत नसेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आणि बाकीच्यांनी एवढंच करा. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा दहाव्या दिवशी दुखरी जागा उजेडात नीट पाहा. सूज वाढत असेल, तर परतूरला किंवा जालन्याला डॉक्टरांकडे जा आणि "मार कसा लागला" ते सविस्तर सांगा: चाक गेलं, फरफटलो, दबलो. आधीचा एक्स-रे सोबत न्या, पण हाड मोडलेलं नाही एवढ्यावर परत फिरू नका. सोनोग्राफी करायची का, हे तुम्ही स्वतःहून विचारा.