ओढ्यावरची शीळ

पावसाळ्यात भल्या पहाटे सह्याद्रीतल्या ओढ्याकडून शीळ ऐकू येते. वाटतं, कुणी पोरगंच वाजवतंय. पण तो असतो शीळकरी कस्तूर. रंगानं निळा-काळा, खांद्यावर चमकता निळा पट्टा. माणसाची चाहूल लागली की झाडीत गडप! गोगलगाई, खेकडे, किडे, रानफळं हे त्याचं खाणं. पाण्याकाठच्या कपारीत शेवाळ-मुळ्यांचं घरटं करून मादी 2 ते 4 अंडी घालते. नर-मादी दोघंही ती 16-17 दिवस उबवतात. म्हणून रानभाजीला गेलात आणि घरटं दिसलं, तर हात न लावता पुढं चला. सरपणासाठी ओढ्याकाठची झाडी तोडू नका. झाडी गेली की त्याचा आडोसा जाईल, आणि पहाटेची शीळही.