तण फुलण्याआधीच काढा

श्रोतेहो, बागेतली काही तणे बियांपासून उगवतात.
काही जमिनीतल्या गाठींपासून फुटतात.

गाजरगवत बियांपासून येते.
त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी असतात.
फुले बारीक आणि पांढरी.
त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगाला खाज सुटते.
म्हणून हातमोजे घालावेत.
माती ओली असताना ते मुळासकट उपटावे.
आणि तेही फुलण्याआधी.

लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली, की तीन कडा हाताला लागतात.
नुसता वरचा पाला खुडला, तर गाठीतून पुन्हा कोंब येतो.
खुरप्याने खोल खणून गाठी वेचाव्यात.

मोकळ्या मातीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर द्यावा.
उजेड अडला, की तणाचे बी सहसा रुजत नाही.

काही तणे उपयोगी असतात.
घोळाचे देठ लालसर, पाने मांसल आणि चव आंबटसर.
डाळ घालून त्याची भाजी करतात.
देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ते घोळ नव्हे.
औषध फवारलेल्या जागेचा घोळ खाऊ नये.

न फुललेल्या गाजरगवताचे कंपोस्ट होते.
लव्हाळ्याच्या गाठी मात्र कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

तेव्हा श्रोतेहो, तण आधी ओळखावे.
आणि फुलण्याआधीच काढावे.