ताप आला तर त्याच दिवशी सांगा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. दर वर्षी माझी जागा फराळाच्या ताटांजवळ असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी आग्रह धरला की, "तुम्ही भावाला किडनी दिली, त्याविषयी चार शब्द सांगा." पण दिल्याचे कौतुक मी सांगणार नाही. दिल्यानंतर माझ्या हातून जी चूक झाली ती सांगणार आहे, कारण तिचाच तुम्हांला अधिक उपयोग होईल.

माझे माहेर अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातले. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसे. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा गावात सगळे पाण्यालाच बोल लावीत होते. डॉक्टरांनी मात्र कारण सांगितले ते बरीच वर्षे न तपासलेल्या रक्तदाबाचे. दीड वर्ष तो डायलिसिसवर होता. शेवटी २०२१ साली नागपूरला माझी डावी किडनी त्याला बसवली.

पुष्कळांना वाटते की जुनी किडनी काढून तिच्याच जागी नवी बसवतात. तसे नव्हे. जुन्या बहुधा आतच राहू देतात आणि नवी किडनी पुढच्या बाजूला, ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ बसवतात. तिच्या रक्तवाहिन्या जोडतात, लघवीची नळी मूत्राशयाला जोडतात. परंतु दुखणे सांगणाऱ्या मज्जातंतूंची जोडणी करता येत नाही. म्हणून आत काही बिघडले तरी पुष्कळदा ती दुखत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझी चूक येथेच झाली.

दुसरी गोष्ट औषधांची. आपल्या शरीराचे राखणदार असतात. त्यांना बहिणीची किडनीही परकीच दिसते आणि ते तिच्यावर धावून जातात. म्हणून त्यांना गुंगवून ठेवणाऱ्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. पण राखणदार गुंगीत असला म्हणजे खरा चोरही सहज शिरतो. रोगजंतू आत येतात, आणि ताप मात्र थोडासाच चढतो.

२०२३ च्या श्रावणात भावाचा फोन आला. म्हणाला, "बाई, अंगात जरासा ताप हाये, पण दुखत काहीच नाही." मी मोठी बहीण; मी लगेच वैद्य झाले! म्हटले, "पावसाचे दिवस हायेत, गुळवेलीचा काढा घे अन् दोन दिवस वाट पाय." त्याने माझे ऐकले. तिसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला, "बाई, यांची लघवी कमी झाली." ती त्याला घेऊन अकोल्याहून गाडीत बसली, मी बडनेऱ्याला त्याच डब्यात चढले. नागपूर येईपर्यंत आम्ही तिघेही एकमेकांशी बोललो नाही.

दवाखान्यात रक्त तपासले. क्रिएटिनीन नेहमी १.२ असायचे, ते २.३ झाले होते. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितले, "दोन शंका आहेत. एक तर शरीर किडनी नाकारत असेल, नाही तर किडनीत जंतू शिरले असतील. नाकारत असेल तर गुंगीची औषधे वाढवावी लागतील. जंतू असतील तर ती कमी करावी लागतील. चुकून उलटे केले तर किडनी जाईल, कदाचित माणूसही." आणि मग विचारले, "काढा कोणी दिला?" मी खाली मान घातली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "शक्ती वाढवणारा म्हणून जो काढा आपण घेतो, तो या माणसाच्या राखणदाराला अवेळी जागे करू शकतो."

लघवी व रक्त जंतूंच्या तपासणीला पाठवले. त्याचा निकाल दोन-तीन दिवसांनी येतो. मधल्या काळात आत पाहायचे कसे? प्रथम सोनोग्राफी केली. नवी किडनी कातडीच्या जवळ असल्यामुळे ती सोनोग्राफीत चांगली दिसते. लघवी अडली आहे का, पू किंवा पाणी साचले आहे का, रक्त नीट वाहते आहे का, हे तिच्यात कळते. किरणांचा त्रास नाही, दुखणेही नाही. भावाच्या किडनीला थोडी सूज दिसली, पण सूज दोन्ही दुखण्यांत येते. नसेतून औषध घालून काढलेला सी. टी. फोटो अधिक स्पष्ट येतो. पण ते औषध अशक्त किडनीला बाधू शकते, म्हणून डॉक्टर ते जपून वापरतात.

मग पेट स्कॅन ठरला. हा सगळ्यांनाच लागतो असे नाही; जिथे उलगडा होत नाही तिथे तो उपयोगी पडतो. उपाशीपोटी नेऊन, रक्तातली साखर पाहून, किरण देणारी थोडीशी साखर नसेतून टोचतात. जिथे जंतूंशी झुंज चाललेली असते तिथल्या पेशी ही साखर अधिक ओढून घेतात, आणि फोटोत ती जागा उजळते. अडचण अशी की, ही साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे चांगली किडनीही उजळच दिसते. म्हणून भावाला लघवीचे औषध दिले आणि काही वेळाने पुन्हा फोटो काढला. बाकीचा उजेड बराच ओसरला; वरच्या टोकाला एक ठिपका तसाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवले. माझ्याच शरीरातला तो तुकडा, आणि त्याचे दुखणे मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होते.

पण चित्र झाले म्हणजे निकाल झाला असे नाही. चित्र जागा दाखवते. जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, ते लघवीची तपासणीच सांगते. तोही निकाल आला आणि दोन्हींचा मेळ बसला. शंका राहिली असती तर सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून तपासावा लागला असता. तीन आठवडे जंतूंवरचे औषध चालले, गुंगीची औषधे काही काळ कमी केली. क्रिएटिनीन १.४ वर थांबले. पूर्वीइतके खाली ते आले नाही. तो फरक माझ्या दोन दिवसांचा, असे मी मानते; डॉक्टरीणबाई तसे म्हणत नाहीत.

ही विद्या फार जुनी नाही. क्ष-किरणांचा शोध रोंटगेन यांनी १८९५ साली लावला. पहिले यशस्वी किडनीरोपण १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जुळ्या भावांत झाले. आपल्या देशातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसले. आता तर आपल्या अमरावतीतच शासकीय विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात किडनीरोपण होते. तेव्हा उद्या आपल्याच गल्लीत असा रोगी असेल, म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली: किडनी बसवलेल्या माणसाला शंभर डिग्री ताप आला, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग बदलला, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा. काढा, घरातल्या उरलेल्या गोळ्या, शेजारणीचा सल्ला, काही देऊ नका. दुसरी: पेट स्कॅन झाला की त्या दिवशी काही तास त्या माणसाजवळ तान्ही मुले व गरोदर बाई नको. त्या साखरेचे तेज सुमारे एक तास पन्नास मिनिटांत निम्मे होते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. तिसरी आपल्या बायकांची: घरात किडनी देणारी बहुधा आई, बायको नाही तर बहीणच असते. देण्यापूर्वी आपली तपासणी होते, पण दिल्यानंतर आपण स्वतःला विसरतो. दर वर्षी आपलाही रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. मीही दोन वर्षे टाळले होते, आता टाळत नाही.

आता भाऊ दर रविवारी सकाळी फोन करतो. मी पहिला प्रश्न विचारते, "ताप?" तो म्हणतो, "नाही." मग बाकीच्या गोष्टी.