मनाच्या आजारांची नावे आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी सायंकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही 'मनाचे आजार' असे सांगितले. एक जण हळूच म्हणाला, "काहून भाऊ, संघटनेचा विषय सोडून हे डॉक्टरकीचं काय काढलं?" त्याचे म्हणणे बरोबर आहे. आम्ही डॉक्टर नाही, गिरणीच्या रिंग खात्यातले कामगार आहोत. वाचनालयाची पुस्तके वाचून आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून जे कळले तेवढेच सांगणार. दवाखान्यात नोकरी करणारी आपली काही पोरेपोरी समोर बसली आहेत. चुकलो तर त्यांनी कान धरावा.

हा विषय काढण्यामागे एक माणूस आहे. त्याचे नाव सांगणार नाही. आमच्याच खात्यातला सोबती. सूत जोडण्यात त्याचा हात इतका साफ की नवीन पोरांना त्याच्या बाजूला उभे करत. गावी तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. एका हंगामात दोनदा पेरणी मोडली आणि त्यानंतर हा माणूस हळूहळू बदलला. पाळीवर उशिरा यायचा. समोर धागे तुटत राहायचे आणि हा नुसता उभा. काय झालं रे, विचारलं तर म्हणे, "काही नाही जी, डोकं जड रायते, पहाटे तीनला जाग येते, मंग डोळाच लागत नाही." अंग दुखते, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही. खात्याने त्याला दोन मेमो दिले. सोबती म्हणाले, पिऊन येत असेल. भावाने ठरवले, बाहेरची बाधा आहे. भगताकडे नेले, उतारा झाला, कोंबडा गेला, उसनवारीचे पैसे गेले. एका डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. आणि आम्ही? आम्ही संघटनेच्या बैठकीत सर्वांसमोर त्याला 'कामचोर' म्हणालो. अशा माणसामुळे कामगारांची बाजू लंगडी पडते, असेही म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता. एक शब्द बोलला नाही.

पुढे सातव्या महिन्यात त्याने स्वतःचा जीव संपवण्याचा प्रयत्न केला. बायकोचे वेळेवर लक्ष गेले म्हणून माणूस वाचला. यापेक्षा जास्त सांगणे बरे नाही.

मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरने त्याला अर्धा तास बसवून नीट विचारले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, किती आठवडे झाले, पूर्वी आवडायचे ते आता आवडते का, जगण्यात अर्थ नाही असे वाटते का. नंतर कागदावर एक शब्द लिहिला. तो शब्द होता डिप्रेशन, मराठीत ज्याला नैराश्य किंवा अवसाद म्हणतात. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोने आम्हाला विचारले, "भाऊजी, म्हणजे पागल तं नाही ना जी हे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही हा विषय वाचायला लागलो.

आता पाहा, एकाच माणसाला किती नावे मिळाली. कामचोर, बेवडा, बाधा झालेला, गॅसचा रोगी. प्रत्येक नावाने त्याला एका वाटेला लावले. कामचोर म्हटले की मेमो, बाधा म्हटली की भगत, गॅस म्हटला की गोळी. सात महिने सगळे नाव ठेवत होते आणि एकाचेही नाव बरोबर नव्हते. रिंग खात्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. धागा तुटतो तेव्हा दिसायला सगळे तुटणे सारखेच असते. पण कापूस आखूड आला म्हणून तुटतो, हवेत ओल कमी पडली म्हणून तुटतो, ट्रॅव्हलर झिजला म्हणून तुटतो, स्पिंडल थरथरते म्हणूनही तुटतो. जो जॉबर कारण न पाहता नुसता कामगारावर ओरडतो त्याचे सूत दिवसभर तुटतच राहते.

डॉक्टर लोकांनी ही कारणे आणि लक्षणे वेगवेगळी मांडायचा प्रयत्न फार वर्षांपासून केला आहे. जर्मनीचे क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोग्यांना वर्षानुवर्षे पाहून, कोणाचा आजार कसा वाढतो, कोणाचा ओसरून पुन्हा येतो, यावरून दोन मोठे गट वेगळे केले. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या रोगांची एक यादी काढते. 1948 च्या सहाव्या आवृत्तीत त्या यादीत मनाच्या आजारांचे प्रकरण पहिल्यांदा आले. 1990 साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत त्यांचे दहा गट होते. अकरावी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. अमेरिकेतल्या डॉक्टरांची स्वतःची वेगळी यादी आहे, ती 1952 पासून निघते. या याद्यांत काय पाहतात? लक्षणे कोणती, किती दिवस टिकली आणि त्यामुळे माणसाचे खाणे, झोपणे, कामधंदा किती अडला. नैराश्य म्हणायला निदान दोन आठवडे, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ तसे वाटले पाहिजे. मायत झाली, पोरगी नापास झाली आणि चार दिवस जेवण गेले नाही, तर तो आजार नाही, ते दुःख आहे. शिवाय थायरॉईडसारख्या शरीराच्या दुखण्यानेही मन खचते, म्हणून चांगला डॉक्टर आधी तेही तपासून घेतो.

आपल्या वस्तीत मात्र एकच यादी चालते आणि तिच्यात एकच शब्द आहे, 'पागल'. मिरगी आली तरी पागल, आणि नाकाला चप्पल. मिरगी हा मेंदूचा आजार आहे, मनाचा नाही. पोरगं जन्मापासून बुद्धीने मागे असले तरी पागल. तो आजारच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने तो मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे. कोणाला कानात आवाज येतात, शेजारी आपल्यावर करणी करतात असा पक्का संशय बसतो, तो स्किझोफ्रेनिया असू शकतो आणि त्याला वेगळे औषध आहे. आपला जिल्हा गांधीजींचा, दारूबंदीचा. तरी दारू कुठे मिळते ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रोजचा पिणारा एकदम पिणे सोडतो, दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखत नाही. घरचे म्हणतात, भूत लागलं. राजेहो, ते भूत नाही, त्यात जीव जाऊ शकतो. त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्या. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातून अंधार पडल्यावर उतारा निघतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. राग आला तर येऊ द्या. भूत काढतो म्हणून माणसाला साखळीने बांधणे, मारणे, हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले 28 रोगी जळून मेले. बांधलेले होते म्हणून त्यांना पळता आले नाही.

आता धम्माकडे येऊ, कारण हा विहार आहे आणि ही गोष्ट आपल्याच घरची आहे. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीगत येते. गग्गाचे चित्त बिघडले होते. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. संघाने काय करावे? तथागतांनी सांगितले की संघाने तो आजारी असल्याचे रीतसर जाहीर करावे. मग तो आला तरी उपोसथ होईल, नाही आला तरी होईल. पुढे गग्ग बरा झाला. पण आजारपणात तो जे वागला बोलला त्यावरून काही भिक्खू त्याला पुन्हापुन्हा टोचू लागले. तो म्हणे, मला यातले काही आठवत नाही. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की चित्त ठिकाणावर नसताना झालेल्या गोष्टींचा दोष त्याच्यावर राहत नाही, आणि तो विषय तिथेच मिटवावा. याला अमूळ्हविनय म्हणतात. नियमांच्या शेवटी कोणाला दोष लागत नाही ते सांगताना तीन वेगवेगळे शब्द येतात: उम्मत्तक, म्हणजे वेड लागलेला, खित्तचित्त, म्हणजे चित्त विखुरलेला, वेदनट्ट, म्हणजे वेदनेने पिळलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या संघाने तिघांना एका 'पागल' शब्दात कोंबले नाही. आणि हे नाव कशाकरता दिले? त्याला बाहेर काढण्याकरता नाही, त्याच्यावरचा ठपका काढण्याकरता. आमच्या बैठकीत आम्ही नेमके उलटे केले होते.

पण नाव देणाऱ्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवा, असे आम्ही सांगणार नाही. दुसऱ्यांनी दिलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलेली आपण माणसे. 1851 साली अमेरिकेत कार्टराईट नावाच्या गोऱ्या डॉक्टरने एक नवीन मनोरोग शोधून काढला, ड्रेपटोमॅनिया. लक्षण काय, तर काळा गुलाम मालकाकडून पळून जातो! आणि उपाय चाबूक. समलिंगी माणसेही अमेरिकन डॉक्टरांच्या यादीत 1973 पर्यंत रोगी होती, जागतिक यादीत 1990 पर्यंत. म्हणून 2017 च्या कायद्याचे कलम 3 आम्हाला फार मोलाचे वाटते. त्यात लिहिले आहे की आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, जात-धर्म किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी त्याचे न पटणे, यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पोरीने आपल्या मनाने लग्न ठरवले म्हणून तिला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणणाऱ्या बापाने हे कलम वाचावे. असे बाप आपल्यातही आहेत.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. शेतकऱ्याच्या आत्महत्येची. 2006 साली पंतप्रधानांनी पॅकेज दिले त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. आत्महत्या झाली की समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा असेल तर पात्र आणि घरच्यांना एक लाखाची मदत. दारू किंवा आजार हे कारण लागले की अपात्र होण्याची धास्ती. मग कोणती बायको सांगेल की नवरा चार महिने झोपत नव्हता? आम्ही स्वतः मोर्चात ओरडलो आहोत की शेतकरी वेडा नाही, कापसाला भाव द्या. मानसिक आजाराचे नाव काढले की सरकार भावाच्या प्रश्नातून अंग काढून घेईल, ही भीती खोटी नव्हती. आजही आम्ही ती मागणी सोडलेली नाही. पण आमच्या सोबत्याला पाहिल्यावर कळले की कर्ज आणि आजार ही दोन वेगळी खाती नाहीत. कर्जाने मन मोडते, मोडलेल्या मनाला मार्ग दिसत नाही. न्यूमोनिया झालेल्याला औषध दिले म्हणून गळक्या छपराचा मालक सुटत नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, समुपदेशन केले, गरज पडेल त्याला डॉक्टरकडे नेले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कोणाकडे मदत मागायला जात होते, नेमका आकडा 4.3 टक्के. दीड वर्षाने तो 27.2 टक्के झाला. 2017 साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे लोक बोलत नाहीत हे खरे नाही, विचारणारा पाहिजे.

म्हणून समितीपुढे आमची एक मागणी आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर दोन माणसे, एक बाई आणि एक बुवा, विहारात तासभर बसतील. वही ठेवायची नाही, नाव लिहायचे नाही. ज्याला झोप नाही, घोर लागला आहे, तो येईल आणि बोलेल. ही माणसे आजाराचे नाव सांगणार नाहीत, ते डॉक्टरचे काम. ती फक्त सोबत जातील, सेवाग्रामला, सावंगीला किंवा वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात. 'नागपूरच्या पागलखान्यात टाकतील' ही जुनी भीती आहे. ते मनोरुग्णालय 1864 पासूनचे, त्यामुळे भीतीही तितकीच जुनी. बहुतेकांना भरतीच व्हावे लागत नाही, औषध घेऊन घरी जेवायला येतात. रात्री-बेरात्री 14416 वर फुकट फोन लागतो, मराठीत बोलता येते. 2022 पासून ही सरकारी सोय आहे. आणि कोणी जिवाचे काही करून घ्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. 2017 च्या कायद्याचे कलम 115 असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरते, त्याला शिक्षा नाही, उपचार द्या म्हणते.

आमच्या सोबत्याने पंधरा दिवसांत औषध बंद केले होते, फरक नाही म्हणून. अशा औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुन्हा सुरू केले, आम्ही दर वेळी त्याच्यासोबत गेलो. पाच-सहा महिन्यांनी पाळीवर परत आला. ज्या बैठकीत त्याला कामचोर म्हटले, त्याच बैठकीत आम्ही उभे राहून ते शब्द मागे घेतले. तो म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, मले तरी कुठं ठाऊक होतं." आज तो इथे आला आहे. कुठे बसला आहे ते सांगणार नाही. दुसऱ्या रविवारी बसायला पहिला तो तयार आहे, दुसरी एक बाई हवी आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.