धसका आणि हृदय



रात्री दोनला फोन वाजला की काय झालंय ते कळायच्या आत छातीत धडधड सुरू होते. भीतीचा इशारा मेंदूतून मज्जातंतूंवाटे थेट हृदयावर पोचतो. पाठोपाठ मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. सत्तरवर चाललेले ठोके एकशेवीसवर जातात, रक्तदाब चढतो, तळवे गार पडतात. हे अ‍ॅड्रिनलिन काही मिनिटांत ओसरतं. अर्ध्या तासाच्या आत सगळं ताळ्यावर आलं, तर हृदयानं आपलं काम चोख केलं असं समजा.

माझी तक्रार वेगळीच आहे. भीती हे कारण हाती लागलं की आपण पुढे बघायचंच सोडून देतो. ‘धसका घेतलाय, पाणी द्या, पडू दे जरा.’ साठीच्या बाईच्या बाबतीत तर हमखास.

पण नुसता धसकाही जीव घेऊ शकतो. 17 जानेवारी 1994 ला पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिस परिसरात नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथे एरवी हृदयाच्या धमन्यांच्या विकारानं दिवसाला सरासरी चार-पाच माणसं अचानक दगावत; त्या दिवशी 24 गेली. त्यांतल्या मोजक्याच जणांना धावपळ, श्रम झाले होते. पुढचे काही दिवस हाच आकडा नेहमीपेक्षा खाली राहिला. ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद होत्या, त्यांना भीतीनं आधी गाठलं, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

धसक्यानं हृदय बिघडण्याचा दुसरा प्रकार 1990 मध्ये जपानच्या हिकारू सातो यांनी नोंदवला. धमन्या मोकळ्या, पण हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून लुळं पडलेलं. तिकडच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा आकार, म्हणून नाव ताकोत्सुबो. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया. काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत होतं, पण पहिले दिवस धोक्याचे असतात. ईसीजी हार्ट अ‍ॅटॅकसारखाच दिसतो, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं असतं; बहुतेकदा अँजिओग्राफी केल्यावरच फरक कळतो. मग घरी बसून तो कोण ठरवणार?

म्हणून भीती सरली तरी छातीवर दाब राहिला, कळ जबड्यात किंवा हातात उतरली, घाम फुटला, दम लागला, तर 108 ला फोन करा. कशाला घाबरली ते मागाहून विचारा.

आणखी एक, पालकांसाठी. रक्त पाहून किंवा सुई टोचताना चक्कर येते, तेव्हा ठोके मंदावून रक्तदाब उतरलेला असतो. आडवं करून पाय उंच धरले की मूल सावरतं. पण अलार्म वाजताच, फटाका फुटताच किंवा पोहताना मूल धाडकन कोसळलं, तर ‘फीट आली’ म्हणून सोडू नका. लाँग क्यूटी नावाचा आनुवंशिक दोष असाच प्रकट होतो. ईसीजी काढा, आणि घराण्यात कुणी तरुणपणी अकस्मात गेलं होतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेवर निदान झालं तर यातली बरीच मुलं बीटा ब्लॉकरच्या रोजच्या गोळीवर शाळेत जातात, मोठी होतात.