मी वाचलेली चार पुस्तके
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याची ही माझी पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, म्हणून पाटी-दप्तर तिथेच सुटले. 'यंदा वाचलेल्या पुस्तकांवर तू बोल' असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा हो म्हणायला मला दोन दिवस लागले. एक अट मात्र मी घातली. मला जसे वाटले तसेच बोलेन. पुस्तक कसे आहे असे विचारले की आपण साऱ्याजणी 'छान आहे हो' म्हणून मोकळ्या होतो. आमटीत मीठ कमी पडले तर स्पष्ट सांगतो, मग पुस्तकाचे का सांगू नये?

आधी स्वयंपाकाची पुस्तके घेते, कारण तिथे माझा हात चालतो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली निघाले. कमलाबाईंची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, हे समजल्यापासून मला त्या जास्त जवळच्या वाटतात. त्यांचे माप वाटी-चमच्याचे. कोणी म्हणेल, प्रत्येकीच्या घरची वाटी निराळी, मग प्रमाण जमणार कसे? पण सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की प्रमाण आपोआप बरोबर येते. तराजू नसलेल्या घरात ही केवढी सोय!

आता उणे सांगते. पुस्तक माप सांगते, पण हात शिकवीत नाही. गेल्या दिवाळीत मी अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचे असते. मी दीड दिवसातच उपसले आणि ओलसरच कुटले. अनारसे तुपात पडताच हसले, कढईत नुसता चुरा! दोष पुस्तकाचा नव्हे, माझ्या घाईचा. तरी पीठ हाताला कसे लागले पाहिजे, हे शेजारी उभी असलेली जाणती बाईच सांगू शकते. हल्ली मोबाईलवर सारे बघायला मिळते, पण तोही पिठाला हात लावून 'थांब' म्हणत नाही.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र'. ते 1910 सालचे, हजार पाकक्रियांचे. हे मी नुसते चाळले, त्यावरून रांधले नाही, तेव्हा त्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. इतकेच म्हणते, की शंभर वर्षांपूर्वी एका बाईला चुलीपुढचे ज्ञान लिहून ठेवण्याजोगे वाटले, याचा मला अभिमान वाटला.

आता कादंबऱ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो. पहिली पन्नास पाने मला कंटाळा आला. म्हटले, यात काही घडतच नाही. पण शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन वाडी सोडतात, तिथे माझे डोळे भरले. माझे माहेर आटपाडीकडचे. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकतच मी वाढले. त्यात एक बाई बैलाच्या जोडीने स्वतः औत ओढते. माझी तक्रार एवढीच, की तिचे दुखले-खुपले मास्तर सांगतो. ते मला तिच्या तोंडून ऐकायचे होते.

ती हौस फिटली हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये. लिहिणारा पुरुष, पण बोलते ती यमू. ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. खरे सांगते, फार लांबण आहे. मधली काही पाने मी गाळली. भाषाही जुनी. यमूचा नवरा जातो आणि तिच्या मनाविरुद्ध, बळजबरीने तिचे केशवपन होते, तिथे मात्र मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. मनात म्हटले, बरे झाले, ते दिवस गेले.

पुढच्याच आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करायला बसले. आमच्या समोर एक काकू राहतात. मी नवी सून म्हणून आले तेव्हा 'रुचिरा'ची स्वतःची प्रत त्यांनीच मला दिली. पुरण कधी झाले हे ओळखायला त्यांनीच शिकवले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मी यादी केली, त्यात काकूंचे नाव नव्हते. मला कोणी वगळायला सांगितले नव्हते. सासूबाईंनीही नाही. पेन आपोआप पुढे गेले. मैत्रिणींनो, यमूसाठी रडणारी मी, आणि हे माझ्याच हातून झाले!

मी उठले आणि बोलावणे करायला गेले. काकू म्हणाल्या, "अगं, आलेल्या बायका काय म्हणतील?" मी म्हटले, "घर माझे आहे. तुम्ही या." त्या आल्या नाहीत. संध्याकाळी मी तिळगूळ आणि वाण घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी माझा डबा परत आला तो गुळाच्या पोळ्या भरून. म्हणाल्या, "बोलावलेस, मला पोचले. पुढच्या वर्षी बघू."

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जमले ते आपल्या मंडळाला का जमू नये? पुढच्या संक्रांतीची मंडळाची यादी करताना सर्व सभासदांची नावे लिहावीत, कोणाचेही नाव गाळू नये, अशी माझी विनंती आहे. यायचे की नाही, कुंकू लावायचे की नाही, ते ज्याचे तिने ठरवावे. बोलावणे मात्र प्रत्येकीच्या दारी जावे.

तुम्ही म्हणाल, पुस्तकांवर बोलायला सांगितले आणि ही कुठे गेली! पण मला खरे मत द्यायचे होते, आणि त्या लांबण लावणाऱ्या कादंबरीविषयी माझे खरे मत हेच आहे. तिने मला माझी यादी पुन्हा वाचायला लावली. मंडळाच्या कपाटात ती आहे. कंटाळा आला तर पाने गाळा, पण शेवट गाळू नका. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी तसे तोंडावर सांगावे, मला राग येणार नाही.